खर्रा घोटून होईपर्यंत

१

लहानूचं प्रेत विहिरीतून वर काढायला जितका वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात त्याचा खुनी सापडला.

आलापल्लीच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलात एक कागदाची मिल होती. तिला पाणी लागायचं ते प्राणहितेचं. त्यासाठी नदीकाठी एक जॅकवेल बांधलेली होती. जॅकवेल म्हणजे सिमेंटची खोल विहीर. नदीचं पाणी तळातून आत येतं, आणि वर बसलेला पंप ते ओढून जंगलापलीकडच्या मिलला पोचवतो. पंपाच्या नळाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळीला शेवाळ, सागाची पानं, कुठून कुठून वाहून आलेली पोतडी चिकटतात. ती काढायला कुणीतरी उतरावं लागतं. लहानू ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरात जन्मलेला, त्यामुळे हे काम त्याचंच होतं. पंप बंद होता. लहानू उतरला, फाटलेल्या जाळीत त्याने हात घातला आणि पंप सुरू झाला. पंपाने हात खांद्यापर्यंत आत घेतला आणि सोडला नाही. मिलमध्ये पाणी नेहमीसारखंच पोचत राहिलं. त्यात काही फरक आहे असं कुणाला वाटलं नाही.

वर बशीर होता, दुसरा पंपवाला. तो बंदच्या बटणाकडे धावला, पण बटणाला कुलूप होतं. शेवटी त्याने बाहेरच्या डीपीवरचे फ्यूज बांबूने पाडले. तोवर लहानूचं सगळं आटोपलं होतं.

अहेरीचे फौजदार मडावी आले. माणूस खाली, पंप बंद, वर एकटा बशीर, पंप सुरू. पहिलीतल्या पोराला सुटावं असं गणित. त्यात बशीर आणि लहानूचं भांडण अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

हा खून सगळ्यांच्या सोयीचा होता. खून म्हटल्यावर मिलचा दोष नाही. खून म्हटल्यावर विमा कंपनीला भरपाईची घाई नाही. ठाण्याला आयता आरोपी. गैरसोय झाली ती बशीरची आणि गुणवंतराव खोब्रागड्यांची, कारण त्यांना नागपूरहून एसटीने यावं लागलं.

गुणवंतराव विमा कंपनीचे तपासनीस. मूळचे चंद्रपूरचे, अंगाने भरलेले, चेहऱ्याने निरागस. घरी बायको केसरबाई त्यांना खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, खाऊ देत नसत, म्हणून त्यांना दौऱ्याची फार ओढ. साहेबाने सांगितलं होतं, "खून आहे एवढं पक्कं करून या." गुणवंतरावांनी मान हलवली आणि स्टँडवर चार खर्रे घेतले.

२

मडावींनी गुणवंतरावांना चहा पाजला आणि बशीर दाखवला, दोन्ही सारख्याच अगत्याने.

"घ्या विचारून. सोमवारी मी याले चंद्रपूरच्या जेलात रवाना करून राह्यलो. मंग फासावर चढते का जन्मभर खडी फोडते, ते कोर्ट पायते."

बशीर गजांना धरून उभा होता. "साहेब, मी तार लावली नाई. खिळ्यालेच टांगून होती. खुदा कसम, हातच नाई लावला."

"कोनती तार? मले काहीच माहीत नाई असं समज."

"खरंच नाई माहीत?"

"विमा कंपनीत हाव ना मी. त्याचाच पगार भेटते."

बशीरला जरा धीर आला. "साहेब, आमचा पंप टेलिफोनच्या तारेवर मिलमधून चालते. बंदचं बटण आमच्यापाशी हाय, पन त्याले कुलूप. आमी झोपा काढाले पंप बंद करतो म्हनून साहेब लोकायनं ठोकलं. चाबी मिलमदी. पंप थांबवाचा तं फोन करा, परवानगी मागा. परवानगी आली तं आली. अन् डीपीले हात लावला की नोकरी गेली."

"मंग जाळी कशी साफ करता?"

बशीरने मडावींकडे पाहिलं. मडावींनी छताकडे पाहिलं.

"टेलिफोनची तार उपसाची, खिळ्याले टांगाची. मशीनले वाटते लाइन मेली. जरा वाट पायते अन् पंप स्वताच बंद करते. मिलवाल्यायले वाटते, तारेवर वांदरं झुलून राह्यले. कोनी बोलत नाई."

"जरा म्हंजे किती?"

"घड्याळ कोन पायते? तार उपसली की आमी खर्रा घोटाले बसतो. घोटता घोटता पंप गप होते. घोटून झाला की गालात दाबाचा, कमरेले दोर बांधाचा अन् उतराचं. ह्योच नियम. त्या दिवशी लहानूनं घोटला, अर्धा मले देल्ला. खालून वरडला, 'बशीऱ्या, पोतडं अडकलं बे!' अन् पंप..." बशीरने गजावर कपाळ टेकलं. "मी बटणाकडे पळालो, कुलूप. तारेकडे पळालो, तं तार खिळ्यावर. आता मी काय उपसू साहेब?"

मडावी म्हणाले, "तार खिळ्यावर असन तं पंप सुरूच होत नाई. इंजिनिअरनं लिहून देल्लं हाय. पुन्याचा हाय तो."

"भांडण कायचं होतं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"कोंबड्याचं. त्याच्या कोंबड्यानं माहा कोंबडा मारला. मी म्हनलो, एक दिवस तुही बी मान मोडन."

"ऐकलं?" मडावी म्हणाले.

"कोंबड्याले म्हनलो, साहेब! लहानूले नाई!"

"तार उपसाची अक्कल कोनाची?"

"मले तं लहानूनं शिकवलं."

"अन् लहानूले?"

"ते लहानूलेच विचारा लागन," बशीर म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन रडायला लागला.

३

मिलचे जनरल मॅनेजर सरदेशमुख यांची खोली महाबळेश्वरइतकी थंड होती.

"जॅकवेलमध्ये माणसं उतरतात?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मला वाटायचं जाळी म्हणजे जाळीच. ती कशाला साफ करायची?"

इंजिनिअर पोंक्षे बाजूला उभा होता. तरुण, हुशार, मुंबई-पुण्याबाहेरच्या हवेने खंगलेला. त्याने समजावून सांगितलं. दोन कंट्रोलर, एक मिलमध्ये, एक जॅकवेलवर. मध्ये टेलिफोनची तार आणि दोन्ही टोकांना मोडेम. मिलमधला सारखा विचारतो, आहेस का? जॅकवेलवरचा म्हणतो, आहे.

"नवीन लग्न झाल्यासारखं," गुणवंतराव म्हणाले.

"हं. आणि विचारणा थांबली, तर जॅकवेलवरचा ठरावीक वेळ वाट पाहतो, मग समोरचा गेला असं समजतो. त्या वाट पाहण्याला टाइमआउट म्हणतात. तो किती ठेवायचा यात कसब असतं. फार कमी ठेवला तर माकडाने तार हलवली तरी पंप बंद. फार जास्त ठेवला तर लाइन तुटली तरी पंप चालूच, मिलची टाकी वाहते. मी अर्धा मिनिट ठेवलाय."

"अर्ध्या मिनिटाने पंप बंद. मग?"

पोंक्षेने सरदेशमुखांकडे पाहिलं. "मग बंदच. लाइन येईपर्यंत."

"आणि लाइन आलीच नाही तर? मिलचं पाणी?"

"पोंक्षेंनी सगळं लेखी दिलंय," सरदेशमुख म्हणाले.

पोंक्षेने कपाळ पुसलं. चंद्रपूरकडच्या माणसाला उन्हाचा घाम आणि दुसरा घाम यांतला फरक कळतो. खोलीत ऊन नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये सुपरवायझर पत्रू भेटला. दीड वर्षापूर्वी हाही जॅकवेलवर पंपवाला होता. आता सफारी, खिशात तीन पेनं, मनगटावर चकचकीत घड्याळ. प्रत्येक वाक्याआधी तो घड्याळ पाही.

"लहानू माहा जोडीदार होता, सर. संगच लागलो. जॅकवेलले निळा रंग बी आमी दोघायनंच देल्ला, मंत्री येनार होते तवा. मंत्री आले नाई, रंग राह्यला."

"पोरं तार उपसून खाली उतरतात म्हणे."

पत्रूने घड्याळ पाहिलं. "मले तं आत्ता माहीत झालं, सर. माह्या टायमाले असं काई नव्हतं."

"बशीर म्हणतो तार खिळ्यावरच होती."

"सर, तार काढली की मशीन मेली. मेलेली मशीन उठते का कधी? त्यानंच लावली, दुसरं काय."

"ओके," गुणवंतराव म्हणाले.

"ओके सर," पत्रू म्हणाला, आणि मागे बसलेल्या दोन ऑपरेटरांनी एकदम माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते. पत्रूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

४

दुपारी गुणवंतराव पोंक्षेला घेऊन जॅकवेलवर गेले. पंप धडधडत होता. मोडेमच्या डबीशेजारी भिंतीत तो खिळा होता. गुणवंतरावांनी त्यावर नख घासलं. भिंत निळी होती. खिळाही निळाच होता, टोपीपासून बुंध्यापर्यंत.

"रंग आधी की खिळा आधी, पोंक्षेसाहेब?"

"म्हणजे?"

"नंतर ठोकला असता तर लोखंडी राहिला असता."

त्यांनी तार उपसली आणि निळ्या खिळ्याला टांगली. मग पायरीवर फतकल मारून बसले, खिशातून खर्रा काढला, प्लास्टिकची पन्नी पसरली, सुपारी-तंबाखूवर चुना टाकला आणि तळहाताने घोटायला घेतलं.

थोड्याच वेळात पंपाने श्वास टाकला आणि गप झाला.

"बरोबर बोललात तुम्ही," गुणवंतराव म्हणाले. "आता बंदच ना?"

"हो. चला, ऊन फार आहे."

"बसा हो. खर्रा घाईने घोटला की घशाला लागतो."

ते घोटत राहिले. पन्नी चरचरत होती. पोंक्षे उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. विहिरीत डोकावला, मागे सरला. गुणवंतरावांना त्याच्याकडे बघावंही लागत नव्हतं. त्याच्या बुटांचा आवाज पुरेसा होता.

"चला ना आता," पोंक्षे म्हणाला. "तार लावून टाकू."

"काऊन? मेलेली मशीन हाय."

खर्रा घोटून झाला. गुणवंतरावांनी अर्धा पोंक्षेपुढे धरला, पोंक्षेने हात जोडले. त्यांनी आपला वाटा गालात दाबला, पन्नी झटकली, कोपऱ्यातला दोर उचलून कमरेला बांधून पाहिला, जेमतेम पुरला. विहिरीच्या काठावर गेले आणि एक पाय लोखंडी पायरीवर ठेवला.

"उतरू नका!" पोंक्षे किंचाळला.

आणि पंप सुरू झाला.

तार खिळ्याला टांगलेली होती. पंपाच्या हादऱ्याने ती हलत होती, एवढंच.

५

पोंक्षे पायरीवर बसून बोलला. माणूस खरं बोलायला लागला की पुण्याचा राहत नाही.

थंडीत वांदरांनी फार छळलं होतं. लाइन दिवस दिवस मेलेली, पंप बंद, बॉयलर कोरडा. सरदेशमुखांनी फर्मावलं, टाकी वाहिली तरी चालेल, पाणी आलंच पाहिजे. म्हणून माघात पोंक्षेने दुसरा टाइमआउट बसवला. लाइन मेली की अर्ध्या मिनिटात पंप बंद. पण आणखी काही वेळात लाइन आली नाही, तर कंट्रोलर कुणाला न विचारता स्वतःच पंप सुरू करायचा. जॅकवेलवरच्यांना वाटायचं, लाइन आली असेल. त्यांना कुणी सांगितलं नाही.

"का नाही?"

"सांगायचं काय त्यात? तिथे कुणी उतरतं हेच मला माहीत नव्हतं. अपघातानंतर साहेब म्हणाले, दुसऱ्या टाइमआउटचा उल्लेख नको."

"किती वेळाचा तो?"

"बारा मिनिटं. मी दोन म्हणालो होतो. पत्रूने सांगितलं, सर, दोन मिनिटांत परत चालू केली तर मोटर गरम होते, बारा ठेवा. अनुभवी माणूस. मी ठेवली."

"अजून कुठे आहे अशी मोटर?"

"कॉलनीच्या बोअरवर. तशीच."

"तिथे किती ठेवलेत?"

"दोन." पोंक्षेने मान वर केली. "तिथे पत्रू काही बोलला नाही."

"तिथे कुणी खाली उतरत नाही," गुणवंतराव म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू, जणू स्वतःलाच, हिशोब सांगितला. बशीर-लहानूला तार उपसणं ठाऊक होतं, दुसरा टाइमआउट नाही. पोंक्षे-सरदेशमुखांना दुसरा टाइमआउट ठाऊक होता, तार उपसणं नाही. दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच. ज्याने तो खिळा रंगवला तो. दोन मिनिटं ठेवली असती तर पंप सुरू होताना लहानू वर खर्रा घोटत बसला असता, शिवी देऊन म्हणाला असता, हे काय नवीन. बारा मिनिटांत मात्र खर्रा होतो, गालात जातो, दोर बांधून होतो, माणूस उतरतो आणि हात जाळीत जातो.

"ती मोटरची वेळ नाही, साहेब. खर्ऱ्याची आहे."

"पण त्याने काहीच केलं नाही!"

"नाहीच केलं. जाळी उन्हाळ्यात तुंबते. तो नुसता उन्हाळ्याची वाट पाहत बसला."

पत्रूने असं का केलं, याचं उत्तर लहानूच्या बायकोने दिलं. रुखमाने खुंटीवरून एक जुनी सफारी काढली. खिशात तीन पेनं अजून खोचलेली होती.

"मंडईच्या जत्रेतल्या नाटकात माह्या मालकानं पत्रूभाऊची नक्कल केली होती. घड्याळ पायत चालाचं, अन् दर वाक्याले 'ओके सर'. लोकं लोळले हासून हासून. मिलचा मोठा साहेब तं डोळे पुसत होता. तवापासून पोरंसोरं पत्रूभाऊले 'ओकेसर' म्हनते. त्याची बायको बी एकडाव म्हनली म्हंते."

"पत्रू काय म्हणाला मग?"

"काई नाई. मालकाच्या पाठीवर थाप मारली. म्हने, लय झकास."

६

रविवारी सकाळी मडावी जॅकवेलवर आले. सरदेशमुख जातीने हजर होते. पोंक्षे होता, पण गुणवंतरावांच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याच्या पँटच्या काठाला कालची, वाळलेली वाळू चिकटली होती. पाचसहा कामगार होते, सुपरवायझर पत्रूही होता. रुखमा एका बाजूला उभी होती.

"दुसरा टाइमआउट?" सरदेशमुख हसले. "फौजदारसाहेब, करून पाहा. तार काढा, संध्याकाळपर्यंत बसा. पंप सुरू झाला तर मी राजीनामा देतो."

पोंक्षे नदीकडे बघू लागला. मडावींनी गुणवंतरावांकडे पाहिलं. सोमवार एका रात्रीवर आला होता.

गुणवंतराव मात्र वाद घालेनात. "साहेब म्हणतात तर नसेल. पण फौजदारसाहेब, एक काम राहिलंय. लहानूचा चांदीचा करदोडा जाळीत अडकलाय. मुद्देमाल आहे, आणि या बाईचं सौभाग्याचं एवढंच उरलंय. कुणीतरी उतरायला हवं."

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी पत्रूकडे.

"पत्रूभाऊ बी उतरत होते ना पहिले," एकजण म्हणाला.

"मी आता सुपरवायझर हाव," पत्रू म्हणाला.

"म्हनूनच," मडावी म्हणाले. "उतरा."

गुणवंतरावांनी तार उपसली, निळ्या खिळ्याला टांगली. पंप गप झाला. "घ्या, पत्रूभाऊ. मेलेली मशीन उठते का कधी?"

पत्रूने घड्याळ पाहिलं आणि भराभरा सफारी उतरवली. इतकी घाई त्याने आयुष्यात कुठल्या कामाला केली नसेल.

"घड्याळ काढा की. पाण्यात चाललात."

"राहू द्या. वॉटरप्रूफ हाय."

लोखंडी पायऱ्या अर्ध्यातच गंजून संपल्या होत्या, पुढे दोर. कामगारांनी दोर सोडला, पत्रू खाली गेला आणि पाण्याला लागताच ओरडला, "काई नाई इथी! ओढा!"

"आत्ताच तर गेलात." गुणवंतराव काठावर बसले, पन्नी पसरली, चुना लावला, घोटायला घेतलं. "डाव्या अंगानं पाहा."

"नाई दिसत!"

"हात घाला ना जाळीत. हाताशिवाय कसा सापडन?"

खालून नुसता पाण्याचा आवाज. पन्नी चरचरत होती.

"ओढा मले! आता ओढा!"

कामगारांनी दोर घट्ट धरला होता. ओढला नाही.

"भाऊ," रुखमाने विहिरीत डोकावून शांतपणे विचारलं, "सापडला का करदोडा?"

"बाई, त्यायले सांग ओढाले! ओढा बे, मी सांगून राह्यलो! सस्पेंड करीन एकेकाले!"

मागून कुणीतरी अगदी लहानूच्या आवाजात, मंडईच्या रंगमंचावरल्यासारखं म्हणालं, "ओके सर!"

सगळे हसले. सरदेशमुखांनाही आवरलं नाही. गुणवंतराव घोटत होते.

मग खालून जो आवाज आला, तो माणसाचा वाटत नव्हता. "ओढा रे! बारा होऊन राह्यले! बारा मिनिटानं सुरू होते तो! सुरू होते!"

विहिरीने ते शब्द गोल गोल फिरवून वर आणले. हसू थांबलं. मडावी काठावर वाकले आणि खूप आपुलकीने म्हणाले, "कायची बारा मिनिटं, पत्रूभाऊ?"

खाली पत्रू दोन्ही हातांनी दोर कवटाळून, डोळे गच्च मिटून पंपाची वाट पाहत होता.

पंप सुरू झाला नाही. खर्रा घोटून झाला, गुणवंतरावांनी तो गालात दाबला, तरी झाला नाही.

कारण तो होणारच नव्हता. दुसरा टाइमआउट पोंक्षेने आदल्या संध्याकाळी पुसून टाकला होता, साहेबांच्या हुकमाने. त्याच्या पँटची वाळू बघायच्या आधीच गुणवंतरावांनी पहाटे इथे येऊन, तार काढून, लागोपाठ तीन खर्रे घोटून खात्री केली होती. पत्रूला हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे या मिलमध्ये नेहमी वरून ठरायचं.

"करदोडा?" दोर ओढायला सांगताना मडावींनी हळूच विचारलं.

गुणवंतरावांनी खिशातून काढून रुखमाच्या हातावर ठेवला. "वॉचमनले परवाच भेटला होता. काठावर."

वर आल्यावर पत्रू एवढंच म्हणाला, "मी काय केलं? मोटर गरम होते म्हनलो. नाई सांगितलं, ह्यो गुन्हा हाय का?"

"मले बी माहीत नाई बा," मडावी म्हणाले. "चल, ठान्यात बसून विचार करू."

७

सोमवारी बशीर सुटला आणि त्याच्या जागी, त्याच जीपमध्ये पत्रू चंद्रपूरला गेला.

पुढे त्याच्या वकिलाने कोर्टाला विचारलं की न बोलण्याचं कलम कोणतं. ते शोधता शोधता पावसाळा संपला आणि पत्रू सुटून आला. सरदेशमुखांना बढती मिळाली. पोंक्षे पुण्याला परत गेला; तिथे माकडं नसतात असं त्याने कळवलं. रुखमाला मिलमध्ये नोकरी लागली, कंट्रोल रूमच्या खुर्च्या पुसायची. पत्रू परत आला तेव्हा त्याची खुर्ची लखलखीत होती. मंडईच्या नाटकात त्या वर्षी नवा प्रवेश होता, एक माणूस विहिरीतून "बारा मिनिटं! बारा मिनिटं!" ओरडतो. पोटं दुखेस्तोवर लोक हसले. पत्रू पहिल्या रांगेत होता. तो घड्याळ घालत नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्यात गुणवंतराव कुठल्याशा जळालेल्या ट्रकच्या कामाने तिकडे गेले, तेव्हा जॅकवेलवर डोकावले. बटणाला कुलूप तसंच होतं. निळ्या खिळ्याला तार टांगलेली होती, पंप गप होता आणि बशीर पायरीवर बसून खर्रा घोटत होता. लहानूची जागा भरायची होती, म्हणून त्याला पोहायला शिकवलं होतं.

"बसा साहेब. आता नियम बदलवला आमी. एक खर्रा घोटतो, खातो. मंग दुसरा घोटतो. दुसरा होईस्तोवर पंप उठला नाई, म्हंजे उठत नाई. मंगच उतरतो."

"अन् नव्या इंजिनिअरनं ते परत बसवलं, अन् बाराचे चोवीस केले असन तं?"

बशीरचा हात पन्नीवर थांबला. त्याने विहिरीकडे पाहिलं, मग कुलपाकडे.

गुणवंतराव त्याच्या शेजारी बसले आणि आपल्या खिशातला खर्रा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"तिसरा बी घोट," ते म्हणाले.